उघडिपीवर विसंबू नका
खारघर आणि आसपासच्या डोंगरांत पावसाळ्यात पाऊल टाकण्याआधी

१८ जुलै २०२१. रविवार. आदल्या रात्री मुंबई आणि रायगडच्या पट्ट्याला पावसाने झोडपून काढले होते. चेंबूरच्या भारतनगरात डोंगराकडची संरक्षक भिंत घरांवर कोसळून डझनाहून अधिक माणसे गेली होती. तरीही त्या दिवशी खारघरच्या डोंगराकडे लोक निघाले. धबधब्यांवर जायला पोलिसांची बंदी होती. ती चुकवून गेले. गोल्फ कोर्सजवळचा ओढा जाताना ओलांडता आला, परतताना आला नाही. शेवटी अग्निशमन दलाने ११६ जणांना पलीकडून सोडवून आणले. त्यांत ७८ महिला आणि ५ मुले होती.

सगळे सुखरूप परतले, म्हणून ती घटना लोक विसरले. ऑगस्ट २०१९ मध्ये असे घडले नव्हते. तेव्हा खारघरच्याच पांडवकडा धबधब्याच्या पाण्यात चार महाविद्यालयीन तरुणी वाहून गेल्या.

डोंगरात जाणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा एकाच जागी चुकतो. खिडकीतून आभाळ पाहायचे, पाऊस थांबलेला दिसला की निघायचे. डोंगर मात्र आजच्या आभाळावर चालत नाही. त्याच्या पोटात गेल्या तीन दिवसांचे पाणी असते, आणि ओढ्यात तासाभरापूर्वी माथ्यावर पडलेले. म्हणून उघडीप ही डोंगरात जाण्याची परवानगी नव्हे. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

डोंगर सुटतो कसा

खारघरची टेकडी, इर्शाळगड, माथेरानचा डोंगर, महाडचे घाट, सगळे एकाच घडणीचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला हा काळा कातळ. थरांच्या मधे कुठे तांबड्या मातीचा पट्टा, कुठे भेगाळलेला, झिजून मुरूम झालेला दगड. वरती माती, झाडे, गवत. उन्हाळ्यात हे सारे घट्ट दिसते. पावसात माती पाणी पिते, पण खालचा अखंड कातळ पाणी पीत नाही. मग माती आणि कातळ यांच्या सांध्यावर पाणी साचते. ओल्या ओट्यावर ठेवलेले ताट खाली पाणी गेले की बोटाच्या धक्क्याने सरकते, तसेच इथे होते. मातीचे वजन तर वाढलेले असते, आणि तिला जागेवर धरून ठेवणारे घर्षण पाण्याच्या दाबाने कमी झालेले असते.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, दरडीला मुसळधार पावसाचा क्षण लागत नाही. साठलेले पाणी पुरते. पाऊस ओसरल्यावरही ते कित्येक तास, कधी दिवसभर, उतारात मुरत राहते. दुसरी, उतार सुटतो तो बहुधा वरून, आणि आपण उभे असतो खाली. जिथे आपले पाय आहेत ती जमीन पक्की असून भागत नाही.

इर्शाळवाडी खारघरपासून फार लांब नाही. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या पायथ्याशी, मोरबे धरणाच्या वर. गडावर जाणारे ट्रेकर याच वाडीतून जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री वरचा उतार वाडीवर आला. सरकारने विधिमंडळात सांगितल्याप्रमाणे आधीच्या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे मदत पायी चढून गेली. त्या चढणीत नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला.

ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. यादीचा उपयोग आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे उतार सुरक्षित आहे असा अर्थ काढू नये. ३० जुलै २०१४ चे आंबेगाव तालुक्यातले माळीण, २२ जुलै २०२१ चे महाड तालुक्यातले तळिये, २६ जुलै २००५ च्या पावसातली महाडजवळची दासगाव आणि जुई ही गावेही दरडींखाली सापडली. तारखा पाहिल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते: सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या. जून आणि अर्धा जुलै पाणी पिऊन झालेल्या मातीवर मोठा पाऊस पडतो, तो काळ हा. आपल्याकडे धबधब्यांना गर्दीही याच काळात होते.

निर्णय घरीच घ्या

डोंगराच्या पायथ्याशी उभे राहून निर्णय घेऊ नये. तिथे गाडीचे पेट्रोल खर्च झालेले असते, मित्र जमलेले असतात, डबे भरलेले असतात. परत फिरावेसे कुणालाच वाटत नाही. म्हणून आदल्या रात्री आणि पुन्हा पहाटे, घरी बसून, या गोष्टी पाहा.

एक. झालेला पाऊस. अंदाजाआधी हे पाहा. भारतीय हवामान विभाग आणि राज्याचा कृषी विभाग रोजच्या पावसाचे आकडे देतात. पनवेल, कर्जत, खालापूर, माथेरान या जवळच्या केंद्रांचे गेल्या तीन दिवसांचे आकडे बेरीज करून लिहा. हवामान विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आमची पट्टी अशी: गेल्या तीन दिवसांत एक दिवसही अतिमुसळधार झाला असेल, तर उताराच्या खालून किंवा घळीतून जाणारी वाट त्या आठवड्यात घ्यायची नाही. तीनही दिवस मुसळधार असेल, तरी तेच. ही शास्त्रज्ञांनी आखलेली सीमारेषा नाही, सावधपणाची घरगुती रेषा आहे. तुम्ही तुमची याहून कडक ठेवा. सैल ठेवू नका.

दोन. इशाऱ्याचा रंग. लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर डोंगर नाही. पिवळा असेल तर फक्त रुंद, उघडी, ओढा न लागणारी वाट. लाल इशारा संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी निघू नका. निदान दोन दिवस कोरडे जाऊ द्या.

तीन. पुढचे तीन तास. हवामान विभाग जिल्हावार तीन तासांचा तातडीचा अंदाज देतो, मुंबईच्या डॉप्लर रडारची चित्रे कुणालाही पाहता येतात. घाटमाथ्याकडे जाड ढगांचे पट्टे दिसत असतील, तर तुमच्या डोक्यावर ऊन असले तरी ओढे वाढणार. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवा. दरडींविषयी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये ‘भूसंकेत’ हे संकेतस्थळ सुरू केले आहे; आपण जातो तो भाग तिथे बघायची सवय लावून घ्या.

चार. बंदी. पांडवकडा आणि त्याभोवतीचे धबधबे पावसाळ्यात मनाई आदेशाखाली येतात. आदेश लागू आहे की नाही हे वन विभाग किंवा खारघर पोलिसांकडून समजून घ्या. बंदी असताना आडवाटेने जाण्यात दंडापेक्षा मोठा तोटा आहे. तुम्ही कुठून गेलात हे कुणालाच माहीत नसते, त्यामुळे शोध कुठून सुरू करायचा तेही कळत नाही.

वाट निवडताना

डोंगराला सोंडा असतात आणि सोंडांमध्ये घळी. पाणी, दगड, माती सगळे घळीत उतरते. म्हणून पावसाळ्यातली वाट सोंडेवरून जाणारी हवी. एखाद्या ठिकाणी घळ आडवी ओलांडावीच लागत असेल, तर तिथे थांबून फोटो काढू नका. एकेकाने, अंतर ठेवून, पटकन पलीकडे व्हा. सगळा गट एकाच वेळी धोक्याच्या पट्ट्यात असू नये. काही झाले तर मदतीला कुणीतरी बाहेर उरले पाहिजे.

जेवायला, विश्रांतीला कुठे बसता याकडे लक्ष द्या. कड्याच्या थेट खाली, धबधब्याच्या पायाशी, ओढ्याच्या पात्रातल्या मोठ्या खडकावर, नव्याने कापलेल्या रस्त्याच्या भिंतीला टेकून, या चार जागा टाळा. पांडवकड्यासारख्या १०७ मीटर उंचीच्या धारेबरोबर वरून फक्त पाणीच खाली येते असे नाही. दगड, फांद्या आणि कधी माथ्यावरचा ढिसूळ कातळही येतो. धारेखाली उभे राहणाऱ्याला तो दिसत नाही आणि धबधब्याच्या आवाजात ऐकूही येत नाही.

खारघरच्या माथ्यावर चाफेवाडी, फणसवाडी हे पाडे आहेत. तिथली माणसे ही वाट रोज तुडवतात. वर चढताना भेटली तर विचारा: “दादा, काल ओढ्याला पाणी किती होतं? वर काही घसरलंय का?” त्यांनी “आज नको” म्हटले, तर तो त्या दिवसाचा सर्वांत भरवशाचा अंदाज समजा.

ओढा: जाताना सोपा, येताना अवघड

खारघरच्या बाजूचे ओढे आखूड आहेत. माथ्याचे पठार लहान, उतार तीव्र, त्यामुळे वर पडलेले पाणी फार वेळ न लावता खाली पोहोचते. पाणी वाढण्याआधी ते काही खुणा देते. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होते. पाने, काटक्या, फेस वाहत येतो. आवाज जड होतो. खळखळ जाऊन घरघर येते. आधी दिसणारा एखादा दगड दिसेनासा होतो. यांतली एक जरी खूण दिसली की पात्रातून बाहेर पडा. सामान राहिले तर राहू द्या.

ओलांडण्याचे नियम थोडे आहेत, पण पाळायचे सगळेच:

गुडघ्याच्या वर वेगवान पाणी असेल तर ओलांडू नका. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे वेग थोडा वाढला तरी माणूस उचलला जातो.

पाणी गढूळ असेल तर तळ दिसत नाही. अशा पाण्याची खोली डोळ्यांनी मोजू नका.

पाठीवरच्या पिशवीचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा. पाय सुटला तर पिशवी टाकून देता आली पाहिजे.

दोर स्वतःच्या कमरेला बांधून ओलांडू नका. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस पाण्याखाली दाबला जातो. दोराचे तंत्र शिकलेला माणूस सोबत नसेल तर दोर पिशवीतच राहू द्या.

ओलांडण्याच्या जागेच्या खालच्या बाजूला काय आहे ते आधी पाहा. खाली डोह किंवा कडा असेल, तर घोटाभर पाण्यातही तिथे उतरू नका.

आणि अडकलात तर थांबा. उंचावर, पात्रापासून दूर, पण मातीच्या तुटक्या कड्याखाली नव्हे. लहान ओढे चढतात तसे पाऊस ओसरल्यावर काही तासांत उतरतातही. अंधार पडायच्या आत घरी पोहोचण्याची घाई माणसाला पाण्यात ढकलते. रात्र भिजून, उपाशी काढावी लागली तरी चालेल. २०२१ च्या त्या रविवारी मदत येईपर्यंत लोक पलीकडेच थांबले, म्हणून ती घटना सुटकेची ठरली.

दरडीच्या खुणा आणि त्या क्षणी काय करावे

उतार सुटण्याआधी नेहमी सांगतोच असे नाही, पण पुष्कळदा सांगतो. जमिनीत नव्याने पडलेल्या आडव्या भेगा, विशेषतः उताराच्या वरच्या अंगाला. सरळ वाढलेली झाडे किंवा विजेचे खांब एका बाजूला कललेले. जिथे झरा नव्हता तिथे पाझर फुटणे, किंवा असलेला झरा अचानक गढूळ होणे अगर आटणे. ऐन पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे तर फार वाईट: वर कुठेतरी मातीने पाणी अडवले आहे आणि तो बांध फुटणार आहे. सुटे खडे घरंगळत येणे, मुळे तुटल्याचा कडकडाट. खूण दिसली की चर्चा नको, आडवे सरका.

आडवे, हा शब्द लक्षात ठेवा. दरड ज्या दिशेने येते त्याच दिशेने खाली पळून तिला मागे टाकता येत नाही. तिच्या मार्गाला काटकोनात, जवळच्या सोंडेकडे, उंच जागेकडे जा. सुटायला वाव उरला नाही, तर अंगाचे मुटकुळे करा, दोन्ही हातांनी डोके आणि मान झाका, शक्य असल्यास मोठ्या पक्क्या खडकाच्या आडोशाला. दरड थांबली की लगेच आत धावू नका. त्याच जागी दुसरी उतरू शकते. एक माणूस वर नजर ठेवून उभा करा, मग शोध घ्या.

तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी राहत असाल, गावठाणात किंवा नव्या इमारतीत, तर या खुणा पावसाळ्यात रोज पाहायच्या आहेत. संरक्षक भिंतीतली पाणी निघायची भोके बुजलेली असतील तर सोसायटीने ती मोकळी करून घ्यावीत. भिंत फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवावे. लाल इशाऱ्याच्या रात्री डोंगराकडच्या खोल्यांत झोपू नये.

मे महिन्यात हिमालयात जाणाऱ्यांसाठी

खारघरच्या चढावर घाम गाळून तयारी करणारे कितीतरी जण एप्रिल-मेमध्ये हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम गाठतात. तिथे दरडीच्या जागी हिमस्खलन असते, पण हिशेब ओळखीचा आहे: उतार, साठलेला भार, आणि पाणी. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. बर्फ पडून गेल्यावरचे पहिले एक-दोन दिवस जोखमीचे. आभाळ निळेशार असते आणि नेमकी तेव्हाच गर्दी पुढे सरकते. आपल्या उघडिपीचाच हा हिमालयातला अवतार.

वसंतात आणखी एक गोष्ट होते. दिवसा ऊन बर्फ वितळवते, ते पाणी थरांत मुरते आणि बर्फाची पकड सुटते. म्हणून पहाटे, बर्फ रात्रीच्या थंडीने कडक असताना, तीव्र उतार पार करायचे आणि दुपारआधी तिथून बाहेर पडायचे. पण रात्र ढगाळ, उबदार गेली आणि बर्फ गोठलाच नाही, तर पहाटे निघूनही फायदा नाही. पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागले, उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले, की मागे फिरा. माथ्यावरून पुढे झुकलेल्या बर्फाच्या छपराखाली किंवा त्याच्या काठावर उभे राहू नका.

४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू लाच्या रस्त्यावर दुपारच्या सुमारास हिमस्खलन होऊन सात पर्यटक मेले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंत परवाना होता; हे घडले पंधराव्या मैलाजवळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. प्रशिक्षण असले तरी उतार कुणाची ओळख ठेवत नाही.

निघण्यापूर्वी संरक्षण संशोधन संस्थेच्या चंदीगडच्या डीजीआरई या प्रयोगशाळेचे हिमस्खलन पत्रक पाहा. ट्रेक कंपनीला विचारा: हिमस्खलनाच्या भागात जाणार असाल तर प्रत्येकाकडे संकेतयंत्र, शोधकाठी आणि फावडे आहे का? बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. इतक्या वेळात बाहेरून मदत पोहोचत नाही, ती सोबतच्यांनीच करायची असते. उत्तर गुळमुळीत आले तर त्या कंपनीसोबत बर्फात जाऊ नका.

निरोप आणि नंबर

घरच्यांना किंवा सोसायटीतल्या एका माणसाला लेखी निरोप ठेवून जा: कुठून चढणार, कुठून उतरणार, सोबत कोण, परतण्याची वेळ काय, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कळवायचे. सोबत शिट्टी, हेडटॉर्च, पूर्ण भरलेला मोबाइल प्लास्टिकमध्ये, कोरडे कपडे, थोडे खाणे. डोंगरात नेटवर्क जाते, पण शिट्टी ऐकू येते. संकटाची खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

नंबर असे: आणीबाणीसाठी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. फोन लागला की घाबरून सगळे एकदम सांगू नका. जागा, माणसे किती, जखमी किती, ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहात, बॅटरी किती उरली आहे, एवढेच. मग फोन मोकळा ठेवा. सह्याद्रीत राज्यभरातल्या बचाव पथकांना जोडणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर आहे. त्याचा नंबर निघण्याआधी शोधून नोंदवून ठेवा.

आणि शेवटचा नियम गटासाठी. निघण्याआधी, सगळे जमलेले असताना, स्पष्ट ठरवा की कुणीही एकाने “परत फिरूया” म्हटले तर सगळे परत फिरतील. कारण विचारायचे नाही, चेष्टा करायची नाही, मतदान घ्यायचे नाही. गटात सर्वांत नवख्या माणसालाच बहुधा पहिली भीती वाटते आणि तीच तो सर्वांत आधी गिळतो. हा नियम आधीच मान्य असेल तर ती भीती वेळेवर बोलली जाईल, आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच निर्णय होईल.